तीन ठोके

आमची पाणबुडी लाकडाची होती.
हॅम्बुर्ग बंदरामागे, मासे खारवायच्या जुन्या शेडमध्ये
ती उभी होती, एका कुशीने उघडी,
कॅमेऱ्याला आत शिरता यावं म्हणून.
घाम ग्लिसरीनचा. गंज रंगाऱ्याचा.
समुद्र माझ्याकडे होता:
एक जस्ताचं घंगाळ, ओलं चामडं,
पत्र्याच्या डब्यात सुके वाटाणे,
आणि आईच्या कपाटाचं दार, जे कण्हलं की
प्रेक्षकांना वाटायचं, दोनशे मीटर खाली आलो.

सल्लागार म्हणून इंगवर ब्रोडरसन यायचा.
युद्धात तो खराच खाली होता, इंजिनापाशी.
येताना डबा आणायचा, पावात हेरिंग,
आणि नटांच्या हातांना शिकवायचा
कुठली झडप कुठल्या बाजूला फिरते.
बाकी कशावर बोलायचा नाही.

अडतिसावा प्रसंग. मागच्या कप्प्यात पाणी शिरतं.
आत एक पोरगा राहिलाय.
दार लावलं तर तो जातो,
नाही लावलं तर बेचाळीस जण.
पटकथेत हे दीड पानात होतं,
हिशोब इतका सरळ
की दुसरीतल्या मुलानंही फळ्यावर मांडावा.

नायकाने दार लावलं. कट.
पलीकडून पोरगा बाहेर आला, केस पुसत,
माझी कॉफी कुणी संपवली, म्हणत.
पुन्हा लावलं. पुन्हा आला.
सात वेळा बुडाला तो त्या सकाळी
आणि सातही वेळा
ब्रोडरसनने उठून त्याला स्वतःचा टॉवेल दिला.

मग दिग्दर्शकाने, अगदी सभ्यपणे, विचारलं:
आतून ठोकतो ना माणूस? किती वेळा?
ब्रोडरसनने डब्याचं झाकण लावलं,
उघडलं,
लावलं.
"तीन," म्हणाला. "मग काही नाही."

तीन तर तीन. मी बॉयलरवर पाना मारला,
दोन जोरात, तिसरा जरा हळू.
छान, म्हणाले सगळे.

संध्याकाळी मी वायरी गुंडाळत होते.
तो आला, पाना उचलला,
आणि पत्र्यावर वाजवू लागला.
जोरात नाही. शेजारी मीठ मागायला
दाराशी यावा, तसा.
मी मोजत गेले, सवयीने.
चाळीसनंतर सोडून दिलं.
मधेच थांबायचा, वाटायचं झालं,
आणि पुन्हा.
माझं यंत्र चालू राहिलं होतं.
त्याने ते पाहिलं की नाही, मला आजही ठाऊक नाही.

चित्रपट लागला तेव्हा हुसुमला गेलो आम्ही.
तिसऱ्या रांगेत टपाल कचेरीतली गेश्ये टामसेन,
मांडीवर काळे हातमोजे.
ठोक्यांगणिक तिने एकेक बोट मिटलं.
मग बराच वेळ
चौथं बोट तसंच ताठ.

बाहेर, सायकलींच्या रांगेपाशी, तिने ब्रोडरसनला गाठलं.
"आमच्या लोरेन्ट्सचं... इतक्यात आटोपलं?"
"इतक्यात."
दार कुणी लावलं, ते तिने विचारलं नाही.
त्याने टोपी काढली होती,
ती डोक्यावर ठेवायची तो
थेट स्टेशनापर्यंत विसरला.

वर्तमानपत्रांनी लिहिलं, किती खरं, किती निर्भीड.
पुढे ब्रोडरसन गेला, गेश्ये गेली,
शेडच्या जागी आता फर्निचरचं दुकान आहे.
आणि गेल्या महिन्यात एका संग्रहालयाचं पत्र आलं:
जुनी प्रत नव्याने स्वच्छ करतोय,
मूळ आवाज कुठे जपून ठेवला असेल, तर कळवा.

रीळ आईच्या कपाटात आहे. बारा मिनिटांची.
मी दार उघडलं, ते कण्हलं,
मी लावून घेतलं.
मग टेबलाशी बसून, चष्मा पुसून, लिहिलं:
होते तेवढे तुमच्या प्रतीत आहेतच.
तीन. दोन जोरात,
तिसरा जरा हळू.